डिकीत काय मावतं

वडिलांच्या म्हणजे आप्पांच्या गाडीच्या डिकीत ज्वारीचं पोतं आडवं बसायचं. त्याच्या कडेला शेंगांची पिशवी, वर आजीची वळकटी, वळकटीच्या पोटात फिरकीचा तांब्या आणि उरलेल्या फटीत आम्हा भावंडांच्या चपला. काय आधी आत जाणार आणि काय नंतर, हे आई ठरवायची. तिचा क्रम चुकला की झाकण लागत नसे, मग सगळं पुन्हा अंगणात काढायचं. बार्शीच्या घरापुढे हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आजही कोणाच्या दारात नवी गाडी दिसली की माझी नजर आधी तिच्या मागच्या बाजूला जाते.

पुढे अडतीस वर्षं मी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. गाडीच्या कर्जासाठी टेबलापलीकडे बसलेले नवरा-बायको आधी हप्त्याचं विचारायचे, मग गाडी लिटरला किती देते ते सांगायचे, आणि तिसऱ्या वाक्यात हमखास यायचं, "मॅडम, डिकीवालीच बघतोय." सेडान हा शब्द तेव्हा सोलापुरात कोणाच्या तोंडी नव्हता. चार दारं, आत पाच माणसं आणि मागे वेगळी डिकी, एवढ्यात सगळं आलं. ही डिकीवाली गाडी आपल्याकडे घरची गाडी कशी झाली आणि ती निवडणं लोकांच्या हातात कितपत होतं, हे मला लिहून ठेवायचं आहे. २०२५च्या नवरात्रात आमच्या घरी ही निवड पुन्हा करायची वेळ आली, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

गाडीच्या आधी आमच्याकडे छोटी रेल्वे होती. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांवरून धावणारी. मुंबईला जायचं तर बार्शीहून कुर्डुवाडीला यायचं आणि तिथे मोठी गाडी पकडायची. कुर्डुवाडीच्या फलाटावर आजी सामानाचे नग मोजायची. ट्रंक एक, वळकट्या दोन, लोणच्याची बरणी एक, नातवंडं चार. नातवंडंही त्याच मोजणीत. गाडी बदलताना यातलं काही मागे राहील ही भीती तिला आयुष्यभर होती, आणि आमच्या घरात पुढे मोटार आली तेव्हा तिला सगळ्यात मोठं सुख कशाचं वाटलं असेल तर सामान एकदाच चढवायचं आणि एकदाच उतरवायचं याचं.

याच छोट्या रेल्वेच्या कामातून सोलापूरचा एक तरुण ठेकेदार वर आला. वालचंद हिराचंद. जन्म सोलापूरचा, १८८२चा. लक्ष्मणराव फाटक या भागीदाराबरोबर त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं, पुढे बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत ते पोचले, मग जहाजं, विमानं आणि शेवटी मोटारी. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा केला. मोटारी मुंबईत त्याआधीही जोडल्या जात होत्या. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून परदेशातून आलेले सुटे भाग जोडायला सुरुवात केली होती. पण गाडी इथे जोडणं वेगळं आणि इथे घडवणं वेगळं. विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकात मुंबई इलाख्यात मोटारीचा कारखाना काढण्यासाठी योजना आखली, परदेशातले कारखाने पाहून आले, पण सरकारी पाठिंब्याअभावी ते राहून गेलं. कुर्ल्याचा कारखाना त्या राहून गेलेल्या कामाचा वारस होता असं मला वाटतं. सुरुवातीला तिथून डॉज, प्लिमथ अशा अमेरिकी धाटणीच्या गाड्या निघाल्या. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला आणि ११०० या मध्यम आकाराच्या गाडीने आपल्याकडचं चित्र बदललं.

तीच गाडी नावं बदलत राहिली. मिलेचेंतो, एलेगंट, सिलेक्ट, मग १९६४ पासून ११०० डी म्हणजे डिलाइट, १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट, १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून प्रीमियर पद्मिनी. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्तीची. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला, त्यामुळे पुढे दोन वेगळ्या खुर्च्यांऐवजी आडवं सलग बाकडं. त्या बाकड्यामुळे पुढे तिघं बसत. आमच्याकडे आप्पा, मधे धाकटा भाऊ, कडेला आजी.

डिकी हा शब्द कुठून आला हे मी बरीच वर्षं शोधत होते. इंग्रजांच्या घोडागाड्यांना मागे नोकराने बसायची एक जागा असे, तिला डिकी म्हणत. सुरुवातीच्या दोन माणसांच्या मोटारींनाही शेपटीत उघडझाप करणारं असं एक आसन असायचं. आसन गेलं, त्या जागी सामान आलं, नाव राहिलं. आपण तर ते स्कूटरच्या पेटीलाही लावून टाकलं. नोकराची उघड्यावरची जागा ते घरातल्या बाईच्या हुकमतीखालची जागा, एवढा प्रवास त्या एका शब्दाने केला आहे.

आप्पा बार्शीत डॉक्टर होते. त्यांनी १९६७ मध्ये गाडीसाठी नाव नोंदवलं आणि गाडी आली १९७३ मध्ये. आज मुलांना हे सांगितलं की ती विचारतात, सहा वर्षं दुसरी गाडी का नाही घेतली? दुसरी होतीच कुठे. बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर, मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड आणि कुर्ल्याची फियाट, एवढ्या तीनच. कारखान्याने किती गाड्या काढायच्या ते परवान्यावर लिहिलेलं, आणि विक्रीवर १९५९च्या सरकारी हुकमाची बंधनं. अनामत पोस्टाच्या बचत खात्यात भरायची आणि ते खातं विक्रेत्याच्या नावे तारण ठेवायचं. आप्पांचं ते पासबुक देवघराच्या फडताळात कुंकवाच्या करंड्याशेजारी असे. सहा वर्षांत मी बालवर्गातल्यासारख्या दोन वेण्यांवरून साडी नेसून पाहायच्या वयाला आले, मोठ्या आत्याचं लग्न झालं, आजोबा गेले. गाडी आजोबांसाठी म्हणून नोंदवली होती.

तिघींतून निवड कशी केली हे आप्पा पुढे सांगत. हेराल्ड सुरुवातीला दोन दारांची होती. मागे बसायचं तर पुढची खुर्ची वाकवून, अंग चोरून आत शिरायचं. नऊवारी नेसणाऱ्या आजीला ते जमणं शक्य नव्हतं. अँबॅसडर भरपूर ऐसपैस, पण बार्शीच्या बोळांत वळवायला मोठी, आणि आप्पांना रात्री-अपरात्री रुग्णाच्या दारापर्यंत जायचं असे. उरली फियाट. त्यांनी बार्शीतल्या एका कापूस व्यापाऱ्याची फियाट घरी मागवली, दार उघडलं आणि आजीला सांगितलं, "आई, बसून बघ." आजीने पाठ फिरवली, आधी बसली, मग दोन्ही पाय उचलून आत घेतले आणि लुगडं सावरलं. एका दमात. आप्पांनी त्याच आठवड्यात नाव नोंदवलं. बँकेतल्या माझ्या सगळ्या वर्षांत मी गाडी निवडण्याच्या अनेक पद्धती ऐकल्या. याहून चांगली ऐकली नाही.

गाडी घ्यायला आप्पा एका मित्राला सोबत घेऊन रेल्वेने मुंबईला गेले आणि परत येताना जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढले. त्या काळच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या घाटात तापल्या की पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडायची. त्यावर सगळ्या ड्रायव्हरांना माहीत असलेला उपाय म्हणजे इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं. आप्पांच्या मित्राने त्यासाठी पंचा भिजवून तयार ठेवला होता. तो लागला नाही. शिंगरोबाच्या देवळापाशी त्यांनी गाडी थांबवून नारळ फोडला. ज्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली त्याचं ते ठाणं, तिथे पैसा टाकल्याशिवाय गाडी पुढे नेत नाहीत. पुढे भिगवणहून उजनीच्या अर्धवट बांधलेल्या धरणाजवळून रात्री उशिरा ते बार्शीला पोचले. आम्ही जागेच होतो. आईने भाकरतुकडा ओवाळला, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. खंडेनवमीला आप्पांच्या अवजारांची पूजा व्हायची, त्या वर्षीपासून पान्हे आणि जॅक त्याच पाटावर आले.

त्याच हिवाळ्यात पेट्रोल कडाडलं. अरब-इस्रायल युद्धाने तेलाचे भाव चढले, दिल्लीत वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. आप्पांनी नियम केला की गाडी रुग्णासाठी आणि गाडी घरातल्या सगळ्यांनी मिळून जायचं असेल तेव्हा. एकट्या-दुकट्याच्या कामाला सायकल. त्यामुळे आमची गाडी निघायची तेव्हा भरूनच निघायची. सात माणसं सहज. तुळजापूरला नवरात्रात, पंढरपूरला आजीच्या एकादशीला, आजोळी सुगीनंतर. गाडी भरायची ही सवय त्या टंचाईतून आली आणि टंचाई गेल्यावरही टिकली. डिकीचं महत्त्व आपल्याकडे इतकं का, याचं उत्तर मला इथे सापडतं. ज्यांना महिन्यातून चारदा जाता येतं ते एक पिशवी घेऊन जातात. वर्षातून दोनदा जाणारं घर सगळं बरोबर नेतं आणि परतताना त्याहून जास्त घेऊन येतं.

एक गोष्ट मात्र मी सोज्वळ करून सांगणार नाही. त्या गाडीत पट्टे नव्हते. ब्रेक लागला की आजी भावाच्या छातीपुढे हात आडवा धरायची. तो हात ही आमची एकमेव सुरक्षा. बँकेत असताना अपघातात गेलेल्या कर्जदारांची खाती बंद करायचं काम माझ्याकडे आलं आहे, वारसांच्या सह्या मी घेतल्या आहेत. जुन्या गाडीवर माझा जीव आहे, पण माझ्या नातवंडांना मी तशा गाडीत एक मैलही बसवणार नाही.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली. पहिल्या गाडीच्या किल्ल्या इंदिरा गांधींनी दिल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. गुरगावहून आलेल्या त्या हलक्या, सकाळी एका किल्लीत सुरू होणाऱ्या गाडीने मध्यमवर्गाला मोटार दिली, त्याबद्दल तिचे उपकार मानावे तेवढे थोडे. आमची पहिली स्वतःची गाडीही तीच, १९९४ची. तोवर आम्ही चौघं स्कूटरवर होतो. पण ८०० ने कुटुंबाची व्याख्याही नकळत बदलली. ती नवरा, बायको आणि दोन मुलांची गाडी होती. मागे सामानाला हातभर जागा. सासूबाई आमच्याबरोबर यायच्या तेव्हा त्यांची बॅग मुलांच्या मांडीवर. सोलापुरात त्या काळात कित्येक घरांत मी हे पाहिलं, की गाडी आली आणि आजी-आजोबा एसटीने येऊ लागले. दोष कोणाचाच नव्हता. जागाच तेवढी होती.

डिकीवाल्या नव्या गाड्याही आल्या, पण त्या साहेबांच्या. १९८४ची काँटेसा, १९८५ची प्रीमियर ११८ एनई, १९९० मध्ये मारुती १०००. गाडीचा धंदा १९९३ मध्ये परवान्यांतून सुटला, १९९४ला एस्टीम आली, मग सिएलो, अ‍ॅस्ट्रा, एस्कॉर्ट, १९९८ मध्ये होंडा सिटी, वर्षभराने अ‍ॅक्सेंट आणि आयकॉन. वर्तमानपत्रांची पहिली पानं या जाहिरातींनी भरायची आणि माझ्या टेबलावरचे अर्ज मात्र ८०० चेच असायचे. तेव्हाच्या पगारपत्रकांत दुसरं काही बसतच नव्हतं.

ते बसवलं पुण्याने. रतन टाटांनी इंडिकाची कल्पना मांडताना सांगितलं होतं की गाडी बाहेरून झेनएवढी, आतून अँबॅसडरसारखी ऐसपैस, किमतीला ८०० च्या जवळ आणि चालवायला डिझेलच्या खर्चाची हवी. आकार परक्या गाडीचा आणि जागा आपल्या जुन्या गाडीची, ही मागणी ज्याला सुचली त्याने आपल्याकडची घरं आतून पाहिली होती. ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला कारखाना उचलून पिंपरीत आणला गेला, १९९८च्या शेवटी इंडिका बाजारात आली आणि २००२च्या अखेरीस तिलाच डिकी लावून इंडिगो. दोन चाकांमधलं अंतर इंडिकापेक्षा पाच सेंटिमीटर वाढवलेलं. पाच सेंटिमीटर म्हणजे किती, तर मागे बसलेल्या माणसाचा गुडघा पुढच्या पाठीला टेकतो की नाही एवढं.

२००३ ते २००६ ही वर्षं मला अर्जांच्या गठ्ठ्यांवरून आठवतात. सांगोल्याचा डाळिंबवाला शेतकरी, ज्याला पुण्याला शिकणाऱ्या मुलीकडे डबे आणि धान्य पोचवायचं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं शिक्षक जोडपं, दोघांच्या पगारांतून हप्ता. साखर कारखान्यातले एक केमिस्ट, त्यांच्या आईला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा सोलापूरला आणावं लागे. त्यांनी कोटेशन तीन गाड्यांची आणली होती. मी विचारलं, "यातली का?" ते म्हणाले, "आईला मागच्या सीटवर आडवं होता येतं." नजरगहाणाच्या कागदांवर सही घेताना मी दरवेळी सांगायचे, हप्ता घरात येणाऱ्या रकमेच्या चौथ्या हिश्शापुढे नेऊ नका, आणि पहिल्या वर्षाचा विमा, कर, सर्व्हिसिंग हे किमतीतच धरा. काही ऐकायचे. न ऐकणाऱ्यांची गाडी दोन वर्षांनी बँकेच्या आवारात उभी असायची, आरशाला अजून तुळजाभवानीचा फोटो लटकलेला. त्या गाड्यांच्या डिक्या उघडून सामानाची यादी करायचं काम मला नको वाटे. एकीत लहान मुलाची तीनचाकी सायकल निघाली होती. मी ती त्यांच्या घरी नेऊन दिली.

मग आला चार मीटरचा नियम. २००६च्या अर्थसंकल्पात लहान गाडी कशाला म्हणायचं ते ठरलं. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंत. या रेषेच्या आतल्या गाडीचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आला. विचार हॅचबॅकचा होता, पण फटका डिकीला बसला. २००८ मध्ये इंडिगोची शेपूट आखडून सीएस आली, चार मीटरच्या आत बसणारी पहिली डिकीवाली गाडी. त्याच वर्षी स्विफ्टला डिकी जोडून डिझायर आली. ती ४१६० मिलिमीटर लांब होती, डिकी ४४० लिटरची. २०१२ला दुसरी डिझायर आली ती ३९९५ मिलिमीटरची. डिकी ३१६ लिटर. कराच्या रेषेसाठी साडेसोळा सेंटिमीटर गेले आणि त्यांच्याबरोबर १२४ लिटर जागा. आईच्या मापात सांगायचं तर नव्वदएक किलो ज्वारी.

लोकांनी तरीही तीच घेतली, आणि मला त्यात चूक दिसत नाही. कर वाचत होता, हप्ता बसत होता, डिकी लहान का होईना वेगळी होती. काही जण कुरकुरत की ही तर टॅक्सीवाल्यांची गाडी. मी त्यांना म्हणायचे, तुमच्या वडिलांच्या काळात फियाट मुंबईत काळी-पिवळी टॅक्सीच होती, म्हणून कोणी ती नाकारली का? जो माणूस एकाच गाडीवर वर्षाला लाखभर किलोमीटर काढतो आणि त्यावर घर चालवतो, त्याच्या निवडीइतकी खरी साक्ष कुठली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या दिवशी मी आप्पांच्या गाडीचे जुने कागद काढून बसले होते.

आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. फियाट ११०० ची लांबीही चार मीटरच्या आतच होती. इंजिन १०८९ सीसी. म्हणजे २००६ च्या दोन्ही कसोट्यांना आमची १९७३ ची गाडी उतरली असती. सात माणसं आणि ज्वारीचं पोतं त्या चार मीटरांत मावत होतं, कारण छत उभट होतं, दारं पातळ होती, पुढे बाकडं होतं आणि आजच्या गाडीत माणूस वाचवण्यासाठी जो जाड पत्रा, ज्या पिशव्या, जे तुळईसारखे खांब असतात ते काहीच नव्हतं. आजची जागा कुठे गेली याचं अर्धं उत्तर ते आहे. ती आपल्या हाडांभोवती गेली आहे, आणि ते योग्य आहे.

तीन वर्षांपूर्वी यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू अजून हवी तशी साथ देत नाही. घरात काठीने चालतात, बाहेर व्हीलचेअर लागते. आमच्याकडची आधीची गाडी विकली तेव्हा मुलाचं मत उंच गाडी घ्यावी असं होतं. सध्या देशात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्या तशाच आहेत, आणि शोरूममधला मुलगाही आम्हाला अदबीने पण पुन्हा पुन्हा तिकडेच वळवत होता. सूनबाई म्हणाली, "आई, बाबांना तिथे पाय उचलून चढावं लागेल. आधी मोजू या." आमचा पलंग जमिनीपासून वीस इंच आहे, त्यावरून ते आधाराशिवाय उठतात. आम्ही टेप घेऊन गेलो. उंच गाड्यांची सीट सात-आठ इंचांनी वर. डिकीवाल्या गाडीची सीट पलंगाच्या बरोबरीची. मी त्यांना म्हटलं, आधी पाठ फिरवा, बसा, मग पाय. ते बसले, डावा पाय आत घेतला, उजवा हाताने उचलून ठेवला. अठ्ठावन्न वर्षांनी मी तीच हालचाल पाहत होते.

उरली डिकी. कागदावर आता सगळ्यांचे आकडे पुन्हा वाढले आहेत. नवी डिझायर ३८२ लिटर, ऑरा ४०२, टिगोर ४१९, नवी अमेझ ४१६. पण लिटर हे पाण्याचं माप, व्हीलचेअर पाण्यासारखी वाहत नाही. पाहायचं असतं ते डिकीचं तोंड किती रुंद, उंबरा किती उंच, आणि झाकण लावताना त्याचे वाकडे दांडे आत किती खाली उतरतात. एका गाडीत व्हीलचेअर आत गेली, पण दांडा तिच्या चाकाला लागत होता. दुसरीत उंबरा इतका वर की सूनबाईला सोळा किलो वजन कमरेच्या वर उचलावं लागलं. सीएनजीची गाडी स्वस्त पडली असती, पण टाकी डिकीतच बसते, तेव्हा तो विचार तिथेच सोडला. आमचं धावणं महिन्याला चारशे किलोमीटरही नाही. फुटरेस्ट काढून व्हीलचेअर आडवी ठेवली तेव्हा डिझायरचं झाकण लागलं. सहा एअरबॅग सगळ्या प्रकारांत आहेत आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांसाठी पाच तारे मिळालेत, हे मी आधीच वाचलं होतं.

मी बँकवाली आहे, म्हणून बुकिंग केलं तरी बिल थांबवलं. २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांचा जीएसटी २८ अधिक उपकर याऐवजी १८ टक्के होणार होता, आणि २२ सप्टेंबरला घटस्थापना होती. लहान गाडी म्हणजे कोणती, तर अजूनही तीच, चार मीटरच्या आतली. दसऱ्याला गाडी दारात आली. एमएच-१३. झेंडूची माळ, लिंबं, स्वस्तिक. भाकरतुकडा सूनबाईने ओवाळला.

पहिली फेरी तुळजापूरची. व्हीलचेअर आधी, तिच्या कडेला ओटीचं ताट आणि नारळ, वर नातीचं दप्तर, कारण दुसऱ्या दिवशी तिची चाचणी होती. क्रम सूनबाईने ठरवला. दर्शन झाल्यावर आम्ही बार्शीला गेलो. धाकटा भाऊ आता शेती बघतो. निघताना त्याने गेल्या सुगीतली मालदांडी ज्वारी आणली, पंचवीस किलोचं लहान पोतं. डिकी उघडली, फिरवून पाहिलं, दप्तर काढून पाहिलं. बसेना. भाऊ म्हणाला, "ताई, राहू दे, पुढच्या वेळी एसटीने पाठवतो." मी म्हटलं, "आण इकडे." पोतं मागच्या सीटपुढे माझ्या बाजूला उभं केलं. धान्याला पाय लागू नये म्हणून मी दोन्ही पाय नातीच्या बाजूला घेतले आणि सोलापूरपर्यंत तशीच तिरकी बसून आले.